मॅडमचं अर्धं ब्लेड

तुमच्या अंगणातलं, शाळेतलं किंवा कॉलनीतलं झाड मागच्या वेळी मेलं, तेव्हा ते कशानं मेलं हे तुम्ही शोधलंत का? की ‘यंदा ऊनच फार’ म्हणून त्याच खड्ड्यात दुसरं लावलंत आणि फोटो काढून घरी गेलात?

प्रश्न मी विचारते आहे, पण तो माझा नाही. तो अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या घरमालकिणीचा. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, बुटकी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणारी बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणत. सारखं ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारतात म्हणून गल्लीतली पोरं मागून ‘काहूनबाई’ म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा एका पोराला थांबवून त्यांनी विचारलं होतं, “मले काहूनबाई काहून म्हणतोस बे?” पोरगं सायकल टाकून पळालं.

मी मूळची अकोल्याची. वडिलांचा तिथं छोटा छापखाना. मोर्चे, सभा, संप, सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापली जात, आणि उरलेली आई ताटाखाली अंथरायची. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवरून, तेही वरणाच्या डागांमधून. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वाईट गोष्टीला एक दोषी असतो, आणि तो सापडला की त्याला ठळक टायपात छापायचा असतो, एवढं माझं शिक्षण पक्कं होतं. पुढे कॉलेजसाठी अमरावतीला आले आणि मॅडमची माडीवरची खोली पाहायला गेले.

त्यांनी जात विचारली नाही, मांस-मच्छी खाते का विचारलं नाही. विचारलं ते असं: “आधीची खोली काहून सोडली?”

“मालक खडूस होता.”

“एकच कारण? एका कारणानं कोणी खोली सोडत नाही वं. अजून सांग.”

मी सांगितलं, पाणी येत नव्हतं. खाली क्लासेस होते, दिवसभर गाड्यांचे हॉर्न.

“आता तुह्यं सोताचं एक सांग.”

मी आधी पाणी मागून प्यायले. मग म्हणाले, “मी खळ लावून भिंतींवर पोस्टर चिकटवायचे. मुंग्या झाल्या होत्या.”

“हं. आता झालं पुरं. सामान घेऊन ये.”

मॅडमची सगळी तत्त्वं त्या एका मुलाखतीत होती, फक्त ती मला तेव्हा कळली नाहीत. कोणतीही वाईट गोष्ट एका कारणानं होत नाही, आणि कारणं सांगताना त्यात आपलं स्वतःचं आलं नसेल तर सांगणं अजून संपलेलं नाही, असा त्यांचा हिशेब. स्कूटर बंद पडली तर भर चौकात उभ्या राहून म्हणायच्या, “पेट्रोलात कचरा आहे, प्लग जुना आहे, आणि म्या महिनाभर हिच्याकडे पाह्यलं नाही.” मग स्कूटरला एक लाथ. लाथ मारणं हे कारणात बसत नव्हतं, पण ते चालायचं.

त्या स्कूटरच्या डिकीत दांडा कापून आखूड केलेली एक कुदळ असे. शिवाय एक भिंग, मुळं घासायला जुना टूथब्रश आणि चहाचा थर्मास. कुठं झाड मेल्याचं कळलं की मॅडम निघाल्या. याला त्या पोस्टमार्टम म्हणत. शेजारच्या काकूंची तुळस वाळली, तेव्हा मॅडमनी न विचारता ती कुंडीतून उपटली, मुळं नाकाशी धरली आणि जाहीर केलं, “सडली. सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी. तुमी मारली काकू, लय प्रेमानं मारली.” काकू पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

मोर्शीच्या एका बागाइतदारानं त्यांना संत्र्याची झाडं दाखवायला नेलं होतं, तेव्हा मीही गेले होते. पानं पिवळी, खोडातून डिंक गळत होता. त्यानं फवारणीच्या औषधांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. मॅडम खोडाशी बसल्या आणि हातानं माती उकरू लागल्या. कलम बांधलेली गाठ खूप खाली, मातीत गाडलेली सापडली. मॅडमनी मातीचा हात स्वतःच्या गळ्याला लावला.

“भाऊ, इथपर्यंत ओल्या मातीत तुमाले उभं केलं, तर तुमी किती दिवस जगान?”

तो माणूस खळखळून हसला आणि म्हणाला, “आमची बायको म्हनते मी तसाच जगून राहिलो.” येताना त्यानं पोतंभर संत्री दिली. मॅडमनी वाटेत स्कूटर थांबवून थांबवून अर्धी संपवली.

पण त्यांची खरी ख्याती पावसाळ्यातली. जून लागला की अमरावतीत वृक्षारोपणाचे मांडव पडू लागतात. मॅडम प्रत्येक ठिकाणी बिनबोलावता हजर. त्यांच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड असायचं. एकदा एक मोठे पाहुणे रोप खड्ड्यात ठेवत होते, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. मॅडम गर्दीतून घुसल्या आणि ब्लेड काढलं. बंदोबस्तावरचा शिपाई धावलाच.

“अरे बाप्पा, तुह्या साहेबाले नाही कापून राहिली,” मॅडम म्हणाल्या. “पिशवीले कापून राहिली.”

त्यांनी पिशवी उभी चिरून काढली, तळाशी गोल फिरलेली मुळं छाटली, रोप पाहुण्यांच्या हातात दिलं आणि पिशवी पर्समध्ये कोंबून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पाहुण्यांच्या शेजारी एका अंबाड्याची फक्त मागची बाजू दिसत होती. हे ब्लेड त्यांच्या पर्समध्ये कधी आणि कशामुळे आलं, ते मी तोवर विचारलं नव्हतं. ते मला चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या पाइनच्या झाडांनी सांगितलं.

त्या वाटेवर एका शिक्षणसंस्थेची निवासी शाळा आहे. संस्थेचे संस्थापक तरुणपणी सिमल्याला जाऊन आले होते. डोंगरावर शाळा आणि पाइन नाही, हे त्यांना सहन होईना. हिमालयातली रोपं इथं तगली नाहीत, म्हणून कोणीतरी सुचवलं की उष्ण देशांतही पाइन होतो. त्याचं बी मागवलं. सुरुवातीची रोपं नुसती पिवळी पडून उभी राहिली. मग जुन्या पाइनखालची पोतंभर माती कुठून तरी आणून मिसळली, तेव्हा कुठं हिरवी झाली. या झाडाच्या मुळांना एक बुरशी सोबत लागते, तिच्याशिवाय त्याला मातीतलं अन्न उचलता येत नाही. मॅडम म्हणत, “परमुलुखात आलेल्या सुनेसंगं माहेरचं कोणीतरी पाठवा लागते.” मॅडम संस्थेच्या सल्लागार मंडळावर होत्या, म्हणून हे सगळं त्यांना ठाऊक.

शाळेच्या मागे गवळ्यांची वस्ती. तिथली एक मावशी खव्याची भट्टी लावायची. मॅडम दर हिवाळ्यात तिच्याकडे खवा घ्यायला जात आणि मला स्कूटरवर मागे बसवून नेत. त्या वर्षी गेलो तर मावशीनं खवा तोलला, पण बोलेना.

“काहून वं, कोण मेलं?” मॅडमनी विचारलं.

“सुईवाले झाडं मेले,” मावशी म्हणाली. पाइनला ती सुईचं झाड म्हणायची. “अन् नाव आमच्या म्हशीचं. म्हशी खोडाले घासते, मुळावर खूर देते, म्हणून झाडं वाळले म्हणते संस्था. नाल्याच्या वाटेवर काटेरी तार मारली, बाई. आता म्हशीले पाणी कुठून पाजू? होळीपर्यंत विकाव लागते सगळ्या.”

संस्थेचा पुढचा बेतही ठरला होता. म्हशींनी केलेल्या जखमांतून रोग शिरला म्हणून सगळेच पाइन तोडायचे आणि जागेला कायमचं कुंपण घालायचं. मला जे दिसायचं ते लगेच दिसलं. संस्था, सचिव, जागा, कुंपण. परत येईपर्यंत माझ्या डोक्यात पत्रक छापून तयार होतं. ‘पाइन कोणी मारले?’ असा मथळा आणि खाली सचिवांचं नाव. घरी आल्यावर मॅडमना वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या.

“एकच खुनी? मंग तर सोपं आहे. पोलिसबी शोधून काढतीन.”

“मॅडम, त्यांना तिथं रिसॉर्ट बांधायचं असणार!”

“असंन. तू पाह्यलं?”

“नाही. पण तुमची ती चार-पाच कारणं सांगत बसलं तर कोणीच सापडत नाही. सगळे दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही! मावशीच्या म्हशी विकल्या जातील आणि आपण कारणं मोजत बसू.”

मला वाटलं चिडतील. त्यांनी एक शेंग माझ्याकडे सरकवली. “सगळे दोषी असले, तर आपल्यापासून सुरू कराव. मंग बाकीच्याले पळाले जागा राहत नाही. तुह्यं पत्रक दुसऱ्यापासून सुरू होते, म्हणून त्याले पळाले जागा भेटते.” मग म्हणाल्या, “उद्या कुदळ घे.”

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन आम्ही तिघी पाइनमध्ये फिरलो. रस्त्याकडच्या पुढच्या रांगा तांबूस पडल्या होत्या. शेंडे वाळलेले, खाली सुयांचा खच. खोडांवर बारीक भोकं आणि भोकांच्या तोंडाशी डिंकाचे पांढुरके गोळे, जोंधळ्याच्या लाह्यांसारखे. मॅडमनी नखानं साल उचलली. आत किड्यांनी कोरलेल्या वाकड्या गल्ल्या.

“हेच की!” मी म्हणाले. “भुंगेऱ्यांनी मारली.”

“पोरगी मेली की सासरचे काय म्हणते? तापानं गेली. ताप खोटा नसते. पण तापाच्या आधी तिले काय झालं, ते कोणी सांगत नाही. हे भुंगेरे म्हणजे ताप. धडधाकट पाइनले ते शिवत नाही, डिंकात बुडवून मारते तो त्याईले. आधी काय झालं ते पाहा.”

आधी बरंच काही झालं होतं. लागोपाठ कोरडी वर्षं. मग एका पावसाळ्यात खालच्या सपाटीवर पाणी तुंबून राहिलं होतं, त्याची खूण अजून खोडांवर होती. एकदा सुयांच्या खचाला आग लागली होती, काही बुंधे काळे होते. पण पाऊस सगळीकडे सारखाच चुकला होता, आणि आगही सगळीकडून फिरली होती. तरी वरच्या रांगा हिरव्यागार उभ्या. मॅडमनी वरच्या एका खोडाला हात लावला. साल घासून गुळगुळीत झालेली, फटीत म्हशीचे काळे केस अडकलेले.

“केस इथं, आणि झाड जित्तं,” मॅडम म्हणाल्या. “खाली केस नाही, आणि झाडं मेले.”

“म्हंजे म्हशी औषधच झाल्या की वं बाई!” मावशी म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या पुढच्या रांगांकडे पाहत राहिल्या. मग थर्मासमधला चहा स्वतःच सगळा पिऊन टाकला, आम्हाला न विचारता. असं त्या कधी करत नसत.

त्यांनी सचिवांना निरोप पाठवला: झाडं तोडायच्या आधी एकाचं पोस्टमार्टम करायचं, सगळ्यांसमोर. सचिव त्यांचेच जुने विद्यार्थी. नाही म्हणवेना. ठरलेल्या सकाळी संस्थेचा ट्रॅक्टर, काही शिक्षक, गवळ्यांची वस्ती, सगळे जमले. सचिव पांढऱ्या बुटांत, अवकाळी पावसाचा चिखल चुकवत. माझ्या खिशात पत्रकाचा मजकूर घडी घालून तयार.

पुढच्या रांगेतल्या एका वाळलेल्या झाडाला साखळी बांधली. एवढं मोठं झाड, त्याला वेळ लागेल असं वाटलं होतं. ते दुधाचा दात निघावा तसं निघालं. मुळं बाजूला पसरलेलीच नव्हती. मॅडम खाली बसल्या, टूथब्रशनं माती झाडू लागल्या. बुंध्याखाली मुळांचा एक गच्च गोळा होता. एकाभोवती एक, गोल गोल, सोऱ्यातून चकली पाडावी तशी. जाड झालेली मुळं एकमेकांचे गळे आवळून बसली होती. आणि त्यांच्या बेचक्यांत रुतलेलं काळं प्लास्टिक.

मॅडमनी ते चिमटीत धरून वर केलं. “सांगा. ही पिशवी कोणत्या म्हशीनं घातली?”

वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिक्षकही हसले. सचिवांचे कान लाल झाले.

“मॅडम, ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या लोकांची चूक. पण आज म्हशींचा त्रास—”

“तेव्हाचे लोक म्हंजे कोण? नाव घे.”

“आता ते कसं सांगता येईल?”

“मी सांगते. म्या.”

मॅडमनी ब्रशवरची माती झटकली.

“कॉलेजचं श्रमदान शिबिर होतं. मी प्रमुख. आदल्या दिवशी वरच्या रांगा लावल्या, एकेक पिशवी फाडून, नीट. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, अन् आले ते ऊन उतरल्यावर. फोटोवाला म्हणे उजेड चालला. रस्त्याकडच्या रांगा फोटोत पाह्यजे होत्या. म्या पोराईले सांगतलं, लावा पिशवीसकट, उद्या काढू. रातभर पाऊस पडला. सकाळी बस निघाली. अन् मी विसरली. मंग कित्येक वर्षांनी कॉलेजातला गुलमोहर वाऱ्यात पडला. त्याचं मूळ असंच पाह्यलं, तवा मले हा डोंगर आठवला. तवा हे झाडं घराएवढे झाले होते. आता कुठं कापणार? त्या दिवसापासून पर्समध्ये ब्लेड आहे.”

मग त्या सचिवांकडे वळल्या. मला वाटलं, आता त्याची पाळी. माझा हात खिशातल्या कागदावर गेला.

“तू त्या शिबिरात होता,” मॅडम म्हणाल्या. “तुले याद आहे? तू रोप हातात घेऊन आला होता. ‘मॅडम, पिशवी काढू का?’ म्हणे. सगळ्या शिबिरात तू एकट्यानं विचारलं होतं. म्या म्हटलं, राहू दे.”

सचिव त्या मुळांच्या गोळ्याकडे पाहत राहिले. इतका वेळ चुकवलेल्या चिखलात आता त्यांचा पांढरा बूट रुतला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं.”

“मंग आज काहून नाही विचारलं, म्हशीले दोष देण्याच्या आधी?”

ट्रॅक्टरवाल्याकडून पक्कड मागून सचिवांनीच नाल्याच्या वाटेवरची तार तोडायला सुरुवात केली. त्यांना ती नीट तोडता येत नव्हती. शेवटी मावशीच पुढे झाली, “द्या इकडं, हात फाडून घ्यान,” म्हणून. संध्याकाळी म्हशी त्याच वाटेनं पाण्यावर गेल्या, आणि जाता जाता एकीनं हिरव्या पाइनला मनसोक्त अंग घासलं.

माझं पत्रक मी छापलं नाही. पण मी काही निवळले नाही, आजही चिडते. कारणं पाच असली म्हणून कोणी सुटत नाही, उलट पाचही जणांना पकडायचं असतं, एवढंच मी शिकले. काम वाढलं माझं.

सगळं छान झालं असंही नाही. पुढच्या रांगा तोडल्या. वरच्या रांगांतलीही काही झाडं पुढं वाळली. मॅडम म्हणायच्या, पाइनला मुळात इथं आणायचंच नव्हतं, हेही कारणांत घाला. संस्थेनं पुढच्या वर्षी सल्लागार मंडळातून त्यांचं नाव गाळलं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “तिथचे पोहे लय खारट राहत.”

मी खोली सोडली तेव्हा त्यांनी काहून विचारलं नाही. नवं ब्लेड घेतलं, दोन बोटांत वाकवून मधोमध मोडलं, एक अर्धं कागदात गुंडाळून मला दिलं आणि दुसरं पर्समध्ये ठेवलं. पुढे तब्येत ढासळल्यावर त्या अकोल्याला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. तिथंच गेल्या. भेटायला येणाऱ्यांना भाऊ सांगत होते, “हार्ट.” मला वाटलं, आता आतल्या खोलीतून आवाज येणार: एकच कारण?

पावसाळ्यात भावाच्या कॉलनीच्या मैदानावर मॅडमच्या आठवणीसाठी कडुनिंब लावायचं ठरलं. हार घातलेला फोटो, खुर्च्या, माइक. एक पाहुणे, अर्थात उशिरा आलेले. त्यांनी रोप उचललं आणि खड्ड्यात ठेवलं. पिशवीसकट. मॅडमच्या फोटोसमोर.

मी गर्दीतून पुढं गेले. “साहेब, थांबा,” म्हणून पाकिटातून ब्लेड काढलं. कोणीतरी माझा दंड धरला. भाऊ मागून ओरडले, “सोडा तिले! ताईची पोरगी आहे ते!”

पिशवी काढून पाहिली. तळाशी मुळं गोल फिरायला लागलीच होती. मी ती छाटली. कडुनिंब आता माझ्या खांद्याच्या वर गेलंय.

म्हणून एकच मागणं. येत्या पावसाळ्यात तुमच्या गावात, शाळेत, ऑफिसात झाडं लागतील. तुम्ही जा. दाढीचं एक ब्लेड घ्या, मोडा, अर्धं कागदात गुंडाळून खिशात ठेवा आणि अर्धं सोबत्याला द्या. रोप खड्ड्यात जाण्याआधी मोठ्यानं म्हणा, “थांबा, पिशवी काढू.” पाहुणे कितीही मोठे असोत, उजेड कितीही चाललेला असो. फोटो नंतर काढा. आणि कोणी ‘उद्या काढू’ म्हणालं, तर त्याचं ऐकू नका.